तारे कोणी निवडायचे?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात 162 साखळी सामने खेळतो. जुलैच्या मध्याला हा रगाडा काही दिवस थांबतो आणि ऑल-स्टार सामना होतो. एका बाजूला नॅशनल लीगचे वेचक खेळाडू, दुसऱ्या बाजूला अमेरिकन लीगचे. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे त्या संध्याकाळी एका बाकावर बसतात. निकाल गुणतक्त्यात धरला जात नाही. तरीही या सामन्यासाठी आपलं नाव यावं म्हणून खेळाडू झुरतात आणि यादी जाहीर झाली की शहराशहरांत वाद पेटतात. या सामन्याचा प्राण त्याच्या निवडीत आहे. कोण निवडणार आणि कोणामधून निवडणार, या दोन प्रश्नांभोवती त्याचा सारा इतिहास फिरतो.

नॅशनल लीग 1876 मध्ये स्थापन झाली. अमेरिकन लीग 1901 पासून तिच्या बरोबरीला आली, तीही तिचे खेळाडू आणि प्रेक्षक ओढून घेत. दोघींचे अध्यक्ष वेगळे, पंच वेगळे. 1997 पर्यंत नियमित हंगामात एका लीगचा संघ दुसरीतल्या संघाशी खेळतच नसे. गाठ पडायची ती थेट दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या वर्ल्ड सिरीजमध्ये, तीही दोनच संघांची. त्यामुळे नॅशनल लीगचा एखादा मोठा पिचर आणि अमेरिकन लीगचा एखादा मोठा फलंदाज आपापली सबंध कारकीर्द एकमेकांसमोर न येता संपवू शकत होते.

ही भिंत एका संध्याकाळपुरती पाडण्याची कल्पना मांडली ‘शिकागो ट्रिब्यून’चे क्रीडा संपादक आर्च वॉर्ड यांनी. वर्ष 1933, महामंदीचा काळ. बेसबॉलची मैदानं ओस पडत होती. शिकागोत मात्र जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि त्याला साजेसा क्रीडासोहळा शहराला हवा होता. वॉर्ड यांनी दोन्ही लीगच्या प्रमुखांना आणि संघमालकांना राजी केलं. संघ निवडण्यासाठी वर्तमानपत्रांत मतपत्रिका छापल्या गेल्या आणि वाचकांनी त्या भरून पाठवल्या. उत्पन्न गरजू माजी खेळाडूंच्या मदतीसाठी द्यायचं ठरलं.

6 जुलै 1933 रोजी कोमिस्की पार्कवर 47 हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. अमेरिकन लीगचे व्यवस्थापक होते कॉनी मॅक. नॅशनल लीगसाठी निवृत्त झालेल्या जॉन मॅक्ग्रॉ यांना मुद्दाम बोलावून आणलं होतं. अमेरिकन लीगकडून खेळणारा बेब रूथ तेव्हा 38 वर्षांचा होता, उतरणीला लागलेला. तिसऱ्या डावात त्यानं चेंडू थेट प्रेक्षकांत धाडला. ऑल-स्टार सामन्याच्या इतिहासातला तो पहिला होम रन. अमेरिकन लीग 4-2 अशी जिंकली. खेळ एकदाच व्हायचा होता, पण लोकांना तो इतका भावला की पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर पुन्हा झाला. तिथं नॅशनल लीगच्या जायंट्स संघाचा पिचर कार्ल हबेल यानं आपल्या उलट्या वळणाऱ्या स्क्रूबॉलवर अमेरिकन लीगच्या रूथ, गेरिग, फॉक्स, सिमन्स आणि क्रोनिन या पाच जणांना एकापाठोपाठ तीन-तीन स्ट्राइकवर बाद केलं. हे पाचही जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. दोन लीगमधली भिंत पाडली की काय पाहायला मिळतं, याचा याहून चोख पुरावा कुठला?

पण दुसरी एक भिंत जागची हलली नव्हती. त्या मतपत्रिकांवर एकाही कृष्णवर्णीय खेळाडूचं नाव नव्हतं. मेजर लीगची दारं त्यांना बंद होती. ते नीग्रो लीग्जमध्ये खेळत. 1933 मध्येच 10 सप्टेंबरला, त्याच कोमिस्की पार्कवर, त्यांचा स्वतःचा ऑल-स्टार सामना झाला: पूर्व विरुद्ध पश्चिम. त्यामागे पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स संघाचे मालक गस ग्रीनली होते. इथंही संघ वाचकांनीच निवडले, मात्र ‘शिकागो डिफेंडर’ आणि ‘पिट्सबर्ग कुरियर’सारख्या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांतून. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत ज्यांना प्रत्यक्ष निवडणुकीत मत टाकू दिलं जात नव्हतं, त्या समाजाच्या हातात ही मतपत्रिका होती. तिचं मोल केवळ खेळापुरतं नव्हतं. पश्चिमेनं तो सामना 11-7 असा जिंकला. पुढे या सामन्याला माणसं दूरदूरच्या गावांहून रेल्वेनं येत. 1943 मध्ये प्रेक्षकसंख्या 51 हजारांवर गेली. त्याच वर्षी फिलाडेल्फियात मेजर लीगच्या ऑल-स्टार सामन्याला सुमारे 32 हजार लोक होते.

वर्णभेदाची ती भिंत 1947 मध्ये मेजर लीगमध्ये उतरून जॅकी रॉबिन्सननं ओलांडली. 12 जुलै 1949 रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर रॉबिन्सन, रॉय कॅम्पनेला आणि डॉन न्यूकम नॅशनल लीगकडून, तर लॅरी डोबी अमेरिकन लीगकडून खेळले. कृष्णवर्णीय खेळाडूंचा तो पहिला मेजर लीग ऑल-स्टार सामना. पहिल्या सामन्यानंतर सोळा वर्षांनी ‘कोणामधून निवडायचं’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर मिळू लागलं.

‘कोण निवडणार’ हा प्रश्न 1957 मध्ये चिघळला. सिनसिनाटीच्या एका वर्तमानपत्रानं आपल्या रेड्स संघाची नावं आधीच भरलेल्या मतपत्रिका छापल्या. शहरानं त्या गठ्ठ्यांनी पाठवल्या. पिचर सोडून आठ जागा प्रेक्षकांच्या मतांनी भरायच्या होत्या. त्यांतल्या सात रेड्सच्या खेळाडूंकडे गेल्या. बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी त्यांतल्या दोघांना बाजूला करून विली मेज आणि हँक ॲरन यांना संघात घेतलं. दोघांचीही व्यावसायिक सुरुवात नीग्रो लीग्जमध्ये झालेली. एकेकाळी मतपत्रिकेवर ज्यांचं नावच येऊ शकलं नसतं, ते आता गठ्ठामतदानात मागे पडले होते. शिक्षा म्हणून प्रेक्षकांचा मताधिकारच काढून घेण्यात आला. खेळाडू, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक निवड करू लागले. प्रेक्षकांना तो हक्क 1970 मध्ये परत मिळाला.

आजची पद्धत या साऱ्या अनुभवांतून घडलेली आहे. सुरुवातीला मैदानात उतरणारे फलंदाज प्रेक्षक निवडतात. पिचर आणि राखीव खेळाडू यांची निवड खेळाडूंची मतं आणि आयुक्तांचं कार्यालय यांतून होते. तीसपैकी प्रत्येक संघाचा किमान एक खेळाडू असावाच लागतो. तळाच्या संघातला एक जण आला की दुसऱ्या कुणा लायक खेळाडूची जागा जाते, अशी तक्रार दरवर्षी होते. मला तो नियम योग्य वाटतो. गुणतक्त्यात शेवटच्या असलेल्या शहरातल्या मुलांनाही आपला माणूस ताऱ्यांमध्ये दिसायला हवा.

निकालाला वजन देण्याचा प्रयत्नही होऊन गेला. 2002 मध्ये मिलवॉकीत अकराव्या डावाअखेर 7-7 अशी बरोबरी होती, दोन्हीकडचे पिचर संपले आणि सामना अनिर्णित सोडावा लागला. प्रेक्षक खवळले. मग 2003 पासून 2016 पर्यंत जिंकणाऱ्या लीगच्या संघाला वर्ल्ड सिरीजमध्ये घरच्या मैदानाचा लाभ दिला गेला. हंगामभराच्या कष्टाचं फळ असं एका संध्याकाळच्या खेळावर टांगणं अन्यायाचंच होतं, आणि ते बंद झालं हे बरं झालं. आता बरोबरी झाल्यास दोन्हीकडचे तीन-तीन फलंदाज प्रत्येकी तीन फटके मारतात आणि होम रन मोजले जातात. 2025 मध्ये अटलांटात 6-6 अशा बरोबरीनंतर प्रथमच ती वेळ आली. काइल श्वार्बरनं तीनपैकी तिन्ही चेंडू सीमेपार भिरकावले आणि नॅशनल लीग जिंकली.

दोन लीगमधलं वैर आता पातळ झालं आहे. 2023 पासून दरवर्षी प्रत्येक संघ उरलेल्या सगळ्या संघांशी खेळतो. हबेलसमोर रूथ आल्याचं नवल तसं उरलेलं नाही. म्हणूनच निवडीचं महत्त्व वाढलं आहे. ‘कोणामधून’ या जुन्या प्रश्नाची चूकही अलीकडे मान्य झाली: 2020 मध्ये मेजर लीगनं नीग्रो लीग्जना बरोबरीचा दर्जा दिला. 2024 मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत आले आणि कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत त्यांतला जॉश गिब्सन .372 सह सर्वांच्या पुढे गेला. मेजर लीगमध्ये त्याला एकदाही खेळू दिलं गेलं नव्हतं. गठ्ठ्याच्या मतांनी बिघडलेली यादी दोन नावं बदलून दुरुस्त करता येते. ज्यांना यादीत येऊच दिलं नाही, त्यांचा गेलेला काळ कुणालाच परत देता येत नाही. मत प्रेक्षकांकडेच राहावं, आणि ते टाकताना पूर्व-पश्चिम सामन्याच्या त्या मतदारांची आठवण असावी.