कोणत्या दिवसाचे विमान?

घराण्यातील एखाद्या पुरुषाने युद्धात केलेल्या सेवेचे स्मरण करावयाचे म्हटले म्हणजे आपल्याकडे सामान्यतः दोनच मार्ग असतात : दिवाणखान्यात त्याची तसबीर लावून चौकटीत पदके बसवावीत, किंवा एखाद्या शाळेत त्याच्या नावे पारितोषिक ठेवावे. या दोहोंहून निराळा मार्ग आमच्या कुटुंबाने पत्करला, तो म्हणजे ज्या यंत्राशी त्या माणसाचा नित्याचा संबंध आला त्या यंत्राचीच प्रमाणबद्ध प्रतिकृती करवून घेण्याचा. आणि रायपुरात, भनपुरीच्या लाकूडबाजारालगत, ओतकामाच्या कारखान्यांना लाकडी पॅटर्न करून देणाऱ्या एका मिस्त्रीच्या हातून ती ज्या रीतीने घडली ती रीत मला जवळून पाहता आली, म्हणून हा लेख.

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगढात येऊन राहिलेल्या आणि पुढे इंग्रजी अमलात कचेरी, शाळा व वकिली यांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकीच आमचे एक. तात्यापाऱ्यातील घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर छत्तीसगढी, असा तेथील शिरस्ता. या घरातून आमचे थोरले काका दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात भरती झाले, ते वैमानिक म्हणून नव्हे, तर रिगर म्हणून, म्हणजे विमानाचा सांगाडा, पंख, कापडी आवरण, सुकाणूच्या तारा आणि चाके यांच्या देखभालीसाठी. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड येथे चार वापिटी विमानांनिशी पहिल्या स्क्वाड्रनची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा त्या विमानांच्या दिमतीस असलेल्या देशी कारागिरांना ‘हवाई सिपाही’ असा हुद्दा होता; महायुद्धात स्क्वाड्रनांची संख्या नऊवर गेली आणि जमिनीवरील कारागिरांचा परिवारही त्या प्रमाणात वाढला, परंतु ग्रंथांत आणि स्मारकांवर नावे राहिली ती प्रामुख्याने उडणाऱ्यांची. काकांच्या पश्चात आमच्या हाती उरले ते त्यांचे सेवापुस्तक, पदके आणि मागे पेन्सिलीने ‘इंफाळ, मे ४४’ असे लिहिलेले एक छायाचित्र, ज्यात एका विमानाच्या शेपटाकडील भागाला टेकून दोन इसम उभे आहेत आणि विमानाचे नाक चौकटीबाहेर राहिले आहे.

सेवापुस्तकावरून स्क्वाड्रन पहिले आणि विमान हॉकर हरिकेन एवढे निश्चित झाले, आणि तेवढ्या भांडवलावर मी मिस्त्रीकडे गेलो. या गृहस्थांचा व्यवसाय मुळात विमानांचा नव्हे. उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांत लोखंडाचे व पोलादाचे जे सुटे भाग ओतले जातात त्यांचा हुबेहूब लाकडी पॅटर्न आधी करावा लागतो; तो वाळूत दाबून साचा घेतात व साच्यात धातूचा रस ओततात. रस थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मूळ मापाहून किंचित मोठा करावयाचा असतो, लोखंडासाठी शेकडा एकाच्या आसपास आणि पोलादासाठी त्याच्या सुमारे दुप्पट. आणि हा हिशेब दरवेळी डोक्यात करावा लागू नये म्हणून या धंद्यातील लोक तेवढीच वाढ आधीच धरून आखलेल्या निराळ्या मोजपट्ट्या बाळगतात. माझे काम अंगावर घेताना मिस्त्रींनी त्या सर्व पट्ट्या खुंटीला लावल्या आणि साधी पोलादी पट्टी काढली, कारण येथे लाकूड हेच अंतिम द्रव्य होते.

प्रमाण ठरविण्यास वेळ लागला नाही. फुटास अर्धा इंच, म्हणजे चोवीसास एक, हे प्रमाण धरले की चाळीस फुटांचा पंखविस्तार नेमका वीस इंच होतो आणि बत्तीस फूट तीन इंचांची लांबी सोळा इंच एक सूत भरते. आकडे इतके निर्मळ आले हे पाहून मिस्त्री प्रसन्न झाले. परंतु मी नेलेली निरनिराळ्या हरिकेनांची चित्रे त्यांनी बाकावर ओळीने मांडली, एकात पंखांवर पांढरे पट्टे आहेत, दुसऱ्यात नाहीत, एकात नाकाखाली हनुवटीसारखा फुगवटा आहे, दुसऱ्यात नाही, हे बोटाने दाखविले, आणि विचारले : “बाबूजी, कौन-से दिन का जहाज बनाना है?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणापाशीच नव्हते. काका ‘युद्धात होते’ एवढ्यावर आम्ही सर्वजण आयुष्यभर समाधानी राहिलो होतो. आणि स्तुती, आदर, अभिमान यांना तारखेची गरज भासत नसल्यामुळे तसे राहणे सोपेही होते. लाकडाचे तसे नाही. लाकडात ‘युद्ध’ कोरता येत नाही. एखाद्या विशिष्ट विमानाची एका विशिष्ट दिवशीची अवस्था तेवढी कोरता येते. म्हणून लाकडाला करवत लागण्यापूर्वीचा बराच काळ दप्तर चाळण्यात गेला.

त्यातून जे निष्पन्न झाले ते असे. पहिले स्क्वाड्रन अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली फेब्रुवारी १९४४ मध्ये इंफाळला तैनात झाले. मार्चअखेर जपानी सैन्याने कोहिमाकडून येणारा रस्ता तोडला आणि २२ जून रोजी तो पुन्हा मोकळा होईपर्यंत इंफाळच्या खोऱ्यातील सैन्याची सारी रसद हवाई मार्गाने आली. या वेढ्याच्या काळात हरिकेन विमाने डोंगरांवरून, नद्यांच्या काठांनी आणि जंगलवाटांवरून शत्रूच्या हालचालींची टेहळणी करीत, आणि ती खोऱ्यातल्याच धावपट्टीवरून उडत असल्यामुळे शत्रू व कार्यशाळा यांच्यातील अंतर फारच थोडे होते. अर्जन सिंग यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला तोही इंफाळलाच, माउंटबॅटन यांच्या हस्ते, त्याच जूनमध्ये. त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे प्रत्येक स्क्वाड्रन आपली कार्यनोंदवही ठेवी, तीत दररोज कोणते विमान, कोण वैमानिक, कोणती कामगिरी, किती वाजता उड्डाण आणि किती वाजता अवतरण, हे नमूद होई. रात्री ते विमान कोणी दुरुस्त केले हा रकाना त्या तक्त्यात नाही. काकांचा मे महिना त्या नसलेल्या रकान्यात गेला, आणि म्हणूनच प्रतिकृती मे १९४४ मधील, आणि तीही जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाची करावी असे ठरले.

हे सर्वांना सहजासहजी पटले नाही. चुलत भावाचा आग्रह होता की विमान चाके मिटून, पितळी दांड्यावर तिरपे, आकाशात झेपावणारे असावे, कारण दिवाणखान्यात तेच शोभते. मी म्हटले की तशा अवस्थेत विमानाशी काकांचा संबंध संपलेला असे. शेवटी चाके उघडी, वैमानिकाची जागा रिकामी आणि डाव्या बाजूस शेपटाकडील आवरणाचा एक तुकडा उतरवलेला, अशा स्थितीवर तडजोड झाली, आणि बयाणा दिला.

एकदा दिवस ठरला म्हणजे तपशील आपोआप ठरू लागतात. पांढरे पट्टे युद्धाच्या अखेरच्या पर्वातले, ते गळाले. नाकाखालचा फुगवटा हा धुळीपासून इंजिनाचे रक्षण करणारा गाळणीचा पेटारा, तो राहिला. पंखांवरील वर्तुळात ब्रिटिश विमानांना लाल टिकली असे; परंतु जपानी विमानांवरील लाल सूर्यबिंबाशी तिचा घोटाळा होऊन आपल्याच तोफा आपल्यावर चालू नयेत म्हणून या आघाडीवर लाल रंग काढून टाकण्याचा हुकूम झाला होता, तेव्हा बाहेर गडद निळा आणि आत फिकट निळा एवढेच वर्तुळ उरले.

लाकूड निवडले ते शिवणीचे, ज्याला छत्तीसगढात खम्हार म्हणतात. वजनाने हलके, फिकट पिवळ्या कांतीचे आणि मुरल्यावर सहसा न वाकणारे, हा गुण रायपूरच्या वैशाखातील करकरीत उन्हानंतर लगोलग येणाऱ्या दमट आषाढात फार मोलाचा. धड दोन उभ्या अर्धांत घडविले. दोन फळ्यांमध्ये कागद ठेवून त्या सरसाने चिकटवावयाच्या, बाहेरून संपूर्ण आकार काढावयाचा आणि मग सांध्यात पटाशी घालून हलका ठोका द्यावयाचा, म्हणजे कागद फाटतो, लाकूड न दुखावता दोन अर्ध वेगळे होतात आणि आतून कोरता येतात. ही पॅटर्नकामातली जुनी युक्ती. बाहेरचा आकार डोळ्याने ठरविण्याची मिस्त्रींची पद्धत नाही. नाकापासून शेपटापर्यंत ठराविक अंतरांवर धडाचा छेद कसा असेल त्याचे पत्र्याचे फर्मे त्यांनी आधी कापले, आणि रंधा, कानस व पॉलिश कागद यांच्या प्रत्येक फेरीनंतर फर्मा लावून, लाकूड व पत्रा यांमधून दिव्याचा उजेड दिसतो का हे पाहिले. जेथे उजेड दिसे त्याच्या दोन्ही बाजूंचे लाकूड अद्याप उतरायचे असे. पंखांचा मधला भाग सपाट आणि बाहेरचे भाग किंचित वर उचललेले, तो कल साधण्यासाठी त्यांनी निराळी पाचर केली. आणि चाकांमधील जवळजवळ आठ फुटांचे अंतर, ज्याच्या रुंदीमुळे हरिकेन ओबडधोबड धावपट्टीवरही न लवंडता उतरू शके, येथे चार इंचांस थोडे कमी आले.

शेपटाकडील भागावर येताच मिस्त्रींचा या कामाशी असलेला संबंध बदलला. हरिकेनचा पुढचा भाग धातूच्या पत्र्याचा. परंतु वैमानिकाच्या मागे, धातूच्या नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी चौकटी बसवून, त्यांवर लांब लाकडी पट्ट्या ठोकून, त्यावर ताणलेले कापड असे आणि त्या कापडाला घट्टपणा आणणारे रोगण दिलेले असे. पंख्याची पातीदेखील कित्येक हरिकेनांवर दाबून घट्ट केलेल्या लाकडाची होती. युद्धातले लढाऊ विमान हे अर्धे सुतारकाम होते हे कळल्यावर त्यांनी एकसंध लाकडावर रेघा ओढून कापडाचा आभास करण्याचा बेत सोडून दिला, आणि मागचा भाग खरोखरीच बारीक पट्ट्यांचा करून त्यावर मलमल ताणली. गोळी अशा कापडातून आरपार जाई आणि आत एखादी नळी अथवा तार तुटली नसेल तर भोकावर ठिगळ लावून विमान पुन्हा सकाळी उभे राही. पत्र्याच्या विमानाला हे इतक्या सुलभपणे साधत नसे. छायाचित्रात काकांच्या खांद्यामागे असे एक ठिगळ स्पष्ट दिसते, भोवतालच्या रंगाहून निराळ्या छटेचे. त्याचा रंग कोणता हे कृष्णधवल चित्र सांगू शकत नव्हते. परंतु कापडावरील रोगणाचा पहिला हात गेरूसारखा तांबूस असे, म्हणून हिरव्या व मातकट रंगांचा हात फिरायचा राहिलेले तांबडे ठिगळ आम्ही कायम केले.

रंगाचे काम टाटीबंधच्या एका ट्रक-पेंटरकडे गेले. मालमोटारीच्या पाठीवर मोर आणि कमळे काढणाऱ्या या कलावंताचे सारे कौशल्य चकाकी आणण्यात. लढाऊ विमानावर चकाकी असू नये, कारण उन्हात ती वैऱ्याला वाट दाखविते, हे कारण ऐकल्यावर त्याने तितक्याच निष्ठेने चकाकी मारण्याच्या युक्त्या योजल्या. हिरव्या व मातकट रंगांची सरहद्द त्याने सरळ हाताने ओढली. वर्तुळांसाठी मात्र मिस्त्रींकडून पत्र्याचा फर्मा मागून घेतला.

राहिली पितळी पट्टी. कुटुंबातून सूचना आल्या त्यांत ‘वीर’, ‘पराक्रमी’ आणि ‘राष्ट्रसेवक’ हे शब्द होते. त्यांपैकी एकही खोटा आहे असे मी म्हणणार नाही, पण त्यांपैकी कोणताही शब्द कोणाच्याही पट्टीवर बसला असता. अखेरीस विमानाचा प्रकार, स्क्वाड्रन, ‘इंफाळ, मे १९४४’, काकांचे नाव आणि त्याखाली ‘रिगर’ एवढेच कोरून घेतले.

हिशेब चुकता करतेवेळी मिस्त्रींनी फर्मे आपल्याकडे ठेवून घेण्याची परवानगी मागितली, कारण एकदा केलेला पॅटर्न पुन्हा मागणी येईल म्हणून जपून ठेवणे हा त्यांच्या धंद्याचा रिवाज आहे. मी ती आनंदाने दिली. रायपूरच्या किंवा नागपूरच्या दुसऱ्या एखाद्या घरातून कोणी आपल्या आजोबांचे हरिकेन करवून घेण्यास भनपुरीस गेला, तर धडाचा आणि पंखांचा आकार त्याला तयार मिळेल आणि खर्चही कमी पडेल. परंतु पट्टे, वर्तुळे आणि ठिगळे यांसाठी त्याला आपले दप्तर उघडावेच लागेल, कारण मिस्त्री त्यालाही पहिला प्रश्न दिवसाचाच विचारतील.