पोटालाही घड्याळ असतं, बॉस!

चिखलीतल्या कुठल्याही मेडिकलसमोर रात्री पाच मिनिटं उभे राहा. ‘ॲसिडिटीची गोळी द्या’ हे ऐकू येणारच. मागणारा बहुधा विशी-पंचविशीतला, पाठीवर सॅक, गळ्यात आयकार्ड, चाकणच्या कंपनी बसची घाई.

त्याला आपण लगेच सांगतो, ‘वडापाव कमी खा रे.’ बिचाऱ्या वडापाववर किती खापर फोडायचं! तेलकट-तिखटाने त्रास होतो, मान्य. पण महिनोन्‌महिने दोन घासांत पोट गच्च, वर जळजळ आणि एंडोस्कोपी मात्र नॉर्मल? डॉक्टर याला ‘फंक्शनल डिस्पेप्सिया’ म्हणतात. अवयव ठीक, कारभार बिघडलेला. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे पोरगा नाटक करतोय असं नाही, हे घरच्यांनाही सांगा.

आपल्या पचनसंस्थेत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याचं सतत बोलणं चालू असतं. कॉन्ट्रॅक्ट वाढणार की ब्रेक मिळणार, टार्गेट होणार का, गावी पैसे कधी धाडायचे, ही धास्ती थेट तिथे पोचते. मग जेवण आलं तरी जठर नीट सैल होत नाही, थोडं भरलं तरी दुखतं. त्यात शिफ्ट सारखी बदलती. रात्री जठर तसंही हळू रिकामं होतं. आपण मात्र दोन वाजता कॅन्टीनमध्ये पोटभर जेवतो, सकाळी रूमवर नाश्ता हाणतो आणि लगेच आडवे. मध्ये झोप उडवायला चहा-तंबाखू. निकोटिनने अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते, ॲसिड वर येतं.

चिंता, भय, राग, जागरण असेल तर मापात खाल्लेलं पथ्याचं अन्नही पचत नाही, हे चरकसंहितेत आलंय. तेव्हा तर थर्ड शिफ्टही नव्हती!

तरी सगळंच टेन्शनवर ढकलू नका. पूर्वी अल्सरचा दोषही ताणालाच द्यायचे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचं दाखवलं. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो चक्क पिऊन पाहिला! २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आणि उभं राहून कंबर धरली म्हणून उपाशीपोटी पेनकिलर घेत असाल, तर जठराच्या अस्तराला इजा तीही करते.

थर्ड शिफ्ट असेल तर मुख्य जेवण निघण्याआधी करा, रात्रीचा डबा हलका ठेवा. भरपेट खाल्लं तर झोपेआधी दोन-तीन तास जाऊ द्या. दोन आठवडे गोळ्या खाऊनही आराम नसेल, वजन उतरत असेल, घास अडकत असेल, तर सुट्टीची वाट न बघता डॉक्टर गाठा. पिंपरीत महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे. शौच काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी. आणि छातीत जळजळीसोबत घाम फुटला, डावा हात भरून आला तर ‘गॅस असेल’ म्हणत मेडिकलच्या रांगेत थांबू नका, तडक कॅज्युअल्टीत जा.