क्ष-किरण चित्रांचे वाचन : एका नजरेला दुसऱ्या नजरेची साथ

ठाणे रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस नौपाडा हा शहराचा जुना व गजबजलेला विभाग आहे. गोखले मार्ग, राम मारुती मार्ग आणि त्यांच्या आसपासच्या गल्ल्यांतून खासगी दवाखाने, छोटी रुग्णालये व तपासणी केंद्रे आढळतात. घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन रुग्ण केंद्रात जातो. छातीचे क्ष-किरण चित्र, सोनोग्राफी किंवा सी. टी. स्कॅन होते आणि अहवाल त्याच्या हाती पडतो. शस्त्रक्रिया करावयाची की औषधांवर भागवावयाचे, आणखी तपासण्या हव्यात की रुग्णाने निश्चिंतपणे घरी जावे, हे पुष्कळदा या एक-दोन पानांवरून ठरते. म्हणूनच ती पाने लिहिणाऱ्या क्ष-किरणतज्ज्ञाचे वाचन अचूक असणे, हा रुग्णाच्या जीविताशी निगडित असा प्रश्न आहे.

या व्यवसायातील यंत्रांवर शासनाची देखरेख आहे. क्ष-किरण यंत्रांच्या सुरक्षिततेचे नियमन १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ करते. गर्भलिंग निदानाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम कायदा केला. पुढे १९९४ च्या केंद्रीय कायद्यानुसार सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी आवश्यक झाली. डॉक्टरांनी आपले ज्ञान अद्ययावत ठेवावे म्हणून महाराष्ट्र वैद्यक परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांकांची अट घातली आहे. परंतु रोज लिहिल्या जाणाऱ्या अहवालांपैकी किती अहवाल पुढे बरोबर ठरले, हे या तरतुदींतून कळत नाही. ते जाणून घेण्याचा मार्ग क्ष-किरणतज्ज्ञांनी स्वतःच काढावयास हवा. जगात अनेक ठिकाणी असा मार्ग रूढ होत असून, त्याला ‘सहाध्ययन’ म्हणजे सहकाऱ्यांनी एकमेकांपासून शिकणे असे म्हणता येईल.

नजरेच्या मर्यादा

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर सुमारे अर्धशतकाने, क्षयरोग शोधण्यासाठी छातीची चित्रे मोठ्या प्रमाणावर काढली जाऊ लागली, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. एकच चित्र दोन अनुभवी तज्ज्ञांनी वाचले तर त्यांचे मत अनेकदा जुळत नसे; इतकेच नव्हे, तर तेच चित्र काही काळाने पुन्हा दिले असता त्याच तज्ज्ञाचे मत बदले. सॅन फ्रान्सिस्को येथील डॉ. लिओ हेन्री गारलँड यांनी १९४९ साली हा विषय व्यवसायबंधूंपुढे मांडला. ज्या चित्रांत दोष होता, त्यांपैकी सुमारे ३० टक्के चित्रांतील दोष वाचकांच्या नजरेतून सुटत असल्याचे त्यांनी दाखवून दिले. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे वाचन केले असता असे निसटलेले दोष कमी होतात, हेही त्या काळातील अभ्यासांतून दिसून आले. ब्रिटनमधील स्तनकर्करोग तपासणीत प्रत्येक चित्र दोघांनी वाचण्याची पद्धत आज रूढ आहे.

हा निष्काळजीपणाचा प्रश्न नव्हे. २०१३ साली अमेरिकेत २४ क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसातील गाठी शोधण्यास सांगून सी. टी. स्कॅनची चित्रे देण्यात आली. त्यांत नेहमीच्या गाठीच्या ४८ पट आकाराची गोरिलाची आकृती मुद्दाम घातलेली होती. २० तज्ज्ञांना ती दिसलीच नाही. आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची दृष्टी नेमकी त्या जागेवरून गेली होती! मन एका गोष्टीच्या शोधात असले म्हणजे डोळ्यांसमोरची दुसरी गोष्ट जाणवत नाही. त्याचप्रमाणे चित्रात एक दोष सापडला की शोध पूर्ण झाल्यासारखे वाटून दुसरा दोष राहून जातो. फासळीचे मोडलेले हाड दिसते, पण तिच्यामागील छोटी गाठ दिसत नाही. अशा सवयी ज्याच्या त्याला उमगत नाहीत. त्या दाखवून देण्यास दुसरी व्यक्ती लागते.

गुण देण्याकडून शिकण्याकडे

प्रारंभी यावर परीक्षेसारखा उपाय योजण्यात आला. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी या संस्थेने २००२ साली ‘रॅडपिअर’ ही योजना सुरू केली. तीत सहकाऱ्याने पूर्वी लिहिलेला अहवाल दुसऱ्या तज्ज्ञाने तपासून त्याला श्रेणी द्यावयाची असे. हेतू चांगला होता. परंतु श्रेणी आली की भीती आली. सहकाऱ्याला दुखवू नये म्हणून सौम्य श्रेणी देण्याकडे कल राही आणि ज्या चुकांतून सर्वांत अधिक शिकता आले असते, त्या झाकल्या जात.

रोगनिदानातील चुकांविषयीचा एक महत्त्वाचा अहवाल अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झाला. चुका उघडपणे मांडता येतील असे वातावरण निर्माण करण्यावर त्यात भर होता. त्यानंतर सहाध्ययनाच्या पद्धतीला गती मिळाली. तिचे स्वरूप सोपे आहे. दैनंदिन कामात तफावत आढळली, अथवा एखादे अवघड निदान कोणी उत्तम रीतीने केले, तर ते उदाहरण बाजूला काढावयाचे. रुग्णाचे व अहवाल लिहिणाऱ्याचे नाव वगळून ते ठराविक दिवशी सर्वांसमोर मांडावयाचे. चर्चा होते ती ‘हे कोणी केले’ याची नव्हे, तर ‘हे का सुटले आणि पुन्हा सुटू नये म्हणून काय करावे’ याची. मूळ अहवाल लिहिणाऱ्यास मात्र ही गोष्ट खासगीरीत्या अवश्य कळविली जाते. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ रेडिऑलॉजिस्ट्स ही संस्थाही अशा नियमित बैठकांचा आग्रह धरते.

नौपाड्यातील परिस्थिती

मोठ्या रुग्णालयात हे त्या मानाने सुलभ असते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात शल्यचिकित्सक, विकृतिशास्त्रज्ञ आणि क्ष-किरणतज्ज्ञ एकत्र बसून रुग्णाचा विचार करतात. त्यामुळे चित्रातील छायेचा खरा अर्थ काय निघाला, हे वाचकाला समजते. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमुळे दूरच्या रुग्णालयांतील डॉक्टरांनाही दूरसंपर्काद्वारे अशा चर्चेत भाग घेता येतो.

एक-दोन तज्ज्ञांवर चालणाऱ्या केंद्राची स्थिती वेगळी असते. समजा, नौपाड्यातील एका गृहस्थांच्या फुप्फुसातील छाया क्षयरोगाची म्हणून नोंदली गेली. पुढे ते मुंबईस गेले, तेथे तुकडा काढून तपासणी झाली आणि कर्करोग निघाला. ही वार्ता मूळ केंद्रात पोहोचतेच असे नाही. ती पोहोचली नाही, तर तोच तज्ज्ञ तशीच छाया पुन्हा तशीच वाचील. शिवाय, १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे रुग्णाला दाद मागण्याचा हक्क मिळाला, ही इष्ट गोष्ट झाली. मात्र चुकीविषयी चारचौघांत बोलण्याचा डॉक्टरांचा संकोचही स्वाभाविक आहे.

यावर तोडगा अवघड नाही. एकाच विभागातील पाच-सहा केंद्रांच्या तज्ज्ञांनी महिन्यातून एकदा तासभर एकत्र यावे. प्रत्येकाने दोन उदाहरणे आणावीत. चित्राच्या कोपऱ्यात छापलेले रुग्णाचे नावही त्यापूर्वी पुसावे. शेवट आधी सांगू नये, कारण शेवट कळला की छाया प्रत्येकालाच स्पष्ट दिसू लागते. खाडीपलीकडे कळव्यास महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय व त्यास जोडलेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा संस्थेतील अध्यापकांचे मार्गदर्शन लाभल्यास चर्चेला वजन येईल. बैठकीतून निघालेला बोध प्रत्यक्षात उतरविणे हे सर्वांत महत्त्वाचे. फासळ्यांमागील भाग वारंवार सुटत असेल, तर तो पाहिल्याची नोंद प्रत्येक अहवालात करण्याचा नियम घालून घ्यावा. आणि चुकीमुळे एखाद्या रुग्णाचे उपचार अजूनही भलत्या दिशेने चालू असतील, तर त्याच्या डॉक्टरांना तात्काळ कळवावे. नावे वगळणे हे शिकण्यासाठी आहे, चूक लपविण्यासाठी नव्हे.

रुग्णांचा वाटा

या कामी रुग्ण व त्यांचे नातेवाईकही हातभार लावू शकतात. जुनी चित्रे व अहवाल जपून ठेवावेत आणि नव्या तपासणीच्या वेळी बरोबर न्यावेत. दोन वर्षांपूर्वीच्या चित्राशी तुलना करता आली, तर नवी छाया चटकन ओळखू येते. डॉक्टरांनी चिठ्ठीत रुग्णाचा त्रास व शंका स्पष्ट लिहिल्यास वाचकाची नजर योग्य जागी जाते. आणि शस्त्रक्रियेनंतर किंवा तुकड्याच्या तपासणीनंतर अंतिम निदान झाले, की त्याची एक प्रत मूळ तपासणी केंद्रात अवश्य द्यावी. त्या प्रतीमुळे पुढे त्याच केंद्रात येणाऱ्या एखाद्या अनोळखी रुग्णाचे निदान वेळेवर होऊ शकेल.