मुद्दाम हरण्याचे दुष्परिणाम

२६ मार्च २०१५. अमेरिकेतील बफेलो शहरात बर्फावरच्या हॉकीचा सामना बरोबरीत राहून जादा वेळेत गेला होता. यजमान बफेलो सेबर्स आणि पाहुणा ॲरिझोना कायोटीज हे दोन्ही संघ गुणतक्त्याच्या अगदी तळाशी होते. जादा वेळेत ॲरिझोनाच्या सॅम गॅग्नरने गोल केला आणि घरचा संघ ३-४ असा हरला. त्या क्षणी बफेलोच्याच कित्येक प्रेक्षकांनी उभे राहून जल्लोष केला. आपला संघ हरला, याचा आनंद!

हा आनंद समजून घ्यायचा तर या खेळाची एक पद्धत माहीत हवी. ही आपल्या मेजर ध्यानचंदांची हॉकी नव्हे. अमेरिका आणि कॅनडात बर्फाच्या मैदानावर, पायात स्केट्स घालून आणि चेंडूऐवजी रबरी चकतीने खेळली जाणारी ही हॉकी. तिथल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये आज ३२ संघ आहेत. दरवर्षी हंगाम संपला की साधारण अठरा वर्षांच्या नव्या खेळाडूंची निवड होते. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. दुबळ्या संघाला हात मिळावा म्हणून तळाच्या संघांना आधी निवड करता येते. आपल्या आयपीएलमध्ये लिलाव असतो आणि सगळ्यांच्या थैलीची मर्यादा सारखीच असते. शेवटच्या क्रमांकावर राहून तिथे काही हाती लागत नाही. ड्राफ्टमध्ये लागते. २०१५ साली तर कॉनर मॅकडेव्हिड नावाचा असामान्य मुलगा ड्राफ्टमध्ये येणार होता. त्यामुळे वर चढण्यापेक्षा तळाशी राहण्यातच शहाणपण आहे, असे अनेकांना वाटू लागले.

संघाची नव्याने बांधणी चालू असताना चांगल्या निवडीसाठी हरावे का, हा वाद कॅनडात घरोघरी चालतो. टोरांटो-एडमंटनला स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलेही तो हिरीरीने घालतात. मी हॉकीतला जाणकार नाही. पण सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काढल्यावर कोणताही उपाय समोर आला की काही प्रश्न आपोआप मनात येतात. याने फायदा होतो का? किती खात्रीने? दुष्परिणाम कोणते, आणि ते सोसणार कोण? याहून बरा दुसरा उपाय आहे का? हरण्याचे हे ‘औषध’ याच प्रश्नांवर तपासून पाहू.

फायदा झालेला रुग्ण

समर्थक नेहमी पिट्सबर्ग पेंग्विन्सचे उदाहरण देतात. १९८३-८४च्या हंगामात हा संघ ३८ गुणांसह शेवटचा आला. न्यू जर्सीचा संघ ४१ गुणांसह त्याच्या जेमतेम वर होता. पिट्सबर्गने हंगाम चालू असतानाच आपला नावाजलेला बचावपटू रँडी कार्लाइल दुसऱ्या संघाला देऊन टाकला. बरा खेळणारा गोलरक्षक दुय्यम लीगमध्ये पाठवला आणि त्याच्या जागी कच्चा गोलरक्षक उभा केला. बक्षीस म्हणून मिळाला मारिओ लेम्यू. त्याने १९९१ आणि १९९२ साली संघाला स्टॅनले कप जिंकून दिला.

उदाहरण खरे आहे. पण लेम्यू आल्यावरही संघ सलग चार हंगाम बाद फेरीत पोहोचला नाही आणि पहिल्या विजेतेपदाला सात वर्षे लागली, हे सांगायचे राहून जाते. दुसरे असे की, एक रुग्ण बरा झाला म्हणून औषध गुणकारी ठरत नाही. तेच औषध घेऊन बरे न झालेले किती, हेही मोजावे लागते. बरे झालेला रुग्ण गावभर सांगत फिरतो. न झालेला पुन्हा दिसत नाही.

खात्री किती?

न झालेल्यांपैकी एक ओटावाचा संघ. १९९२-९३ साली त्याने ८४ पैकी केवळ १० सामने जिंकले आणि पहिल्या निवडीचा हक्क मिळवून अलेक्झांडर डेगला घेतले. डेगकडून बाळगलेल्या अपेक्षा कधीच पूर्ण झाल्या नाहीत. त्याच्यानंतर लगेच निवडला गेलेला ख्रिस प्रॉन्गर मात्र पुढे थोर बचावपटू ठरला. त्या हंगामाबद्दल ओटावाच्या मालकाच्या तोंडून निघालेल्या बोलण्यामुळे लीगने चौकशी केली. मुद्दाम हरल्याचे सिद्ध झाले नाही, पण क्लबला १ लाख डॉलर दंड झाला. त्यानंतर १९९५ पासून ड्राफ्टसाठी लॉटरी आली. शेवटचा आला म्हणून पहिली निवड नक्की, हे समीकरण तिथे संपले.

एडमंटनला तर २०१०, २०११ आणि २०१२ अशी सलग तीन वर्षे पहिली निवड मिळाली. तरीही २०१६ पर्यंत सलग दहा हंगाम हा संघ बाद फेरीबाहेर राहिला. २०१२चा पहिला निवडलेला खेळाडू सहा हंगामांनंतर लीगमध्येच उरला नाही.

आणि बफेलो? २०१४-१५ला संघ ठरल्याप्रमाणे शेवटचा आला. लॉटरीत पहिल्या निवडीची त्याची शक्यता होती २० टक्के. चिठ्ठी निघाली ती अवघी ११.५ टक्के शक्यता असलेल्या एडमंटनची. मॅकडेव्हिड तिकडे गेला. २०२२ पासूनच्या नियमांनुसारही शेवटच्या संघाला पहिली निवड मिळण्याची शक्यता २५.५ टक्के, म्हणजे साधारण चारात एक. चारात तीन वेळा लागू न पडणारे औषध लिहून देताना कोणत्याही डॉक्टरचा हात थबकेल.

त्यात ज्याची निवड करायची तो अठरा वर्षांचा मुलगा. या वयात काहींची उंची, स्नायू, हाडे अजून भरत असतात. निर्णयक्षमता सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. कॅनडात वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही दोघे एकाच गटात खेळतात. मोठा मुलगा साहजिकच धिप्पाड दिसतो आणि निवडला जातो. १९८०च्या दशकातच संशोधकांनी दाखवून दिले की कॅनडाच्या हॉकीत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या बरीच जास्त आहे. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आणखी गमतीची गोष्ट आढळली. उशिरा जन्मलेली मुले ड्राफ्टमध्ये मागे पडतात, पण पुढे अपेक्षेपेक्षा सरस खेळतात. म्हणजे निवड करणारे काही अंशी गुणवत्तेऐवजी वाढलेले वयच मोजत असतात. पावेल दात्सुक १९९८ साली १७१वा निवडला गेला, तर हेन्रिक लुंडक्विस्ट २००० साली २०५वा. दोघेही पुढे आपल्या पिढीतले दिग्गज झाले. त्यांच्यासाठी कोणाला शेवटचे यावे लागले नव्हते.

दुष्परिणाम

ज्या बक्षिसासाठी एवढा खटाटोप करायचा ते असते एका माणसाचे शरीर. लेम्यूला १९९३च्या जानेवारीत हॉजकिन्स लिम्फोमा हा लसिका ग्रंथींचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शेवटचे रेडिएशन घेऊन त्याच दिवशी, २ मार्चला, तो मैदानात उतरला, ही त्याची जिद्द. पण आजार कोणाची निवड कितवी होती हे विचारून येत नाही. बफेलोला २०१५ साली दुसऱ्या क्रमांकावर जॅक आयकेल मिळाला. २०२१ मध्ये त्याच्या मानेच्या मणक्यांमधली चकती सरकली. क्लबच्या डॉक्टरांचा कल मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेकडे होता, तर आयकेलला कृत्रिम चकती बसवून हवी होती. महिनोन् महिने वाद चालला. शेवटी क्लबने त्याला लास वेगासच्या संघाला देऊन टाकले. तिथे त्याने हवी ती शस्त्रक्रिया करून घेतली आणि २०२३मध्ये स्टॅनले कप उंचावला. बफेलोसाठी तो बाद फेरीचा एकही सामना खेळला नाही.

शरीराइतकाच मनाचाही प्रश्न आहे. खेळाडू स्वतः कधी हरायला उतरत नाहीत, हे आधी स्पष्ट करायला हवे. त्यांची नोकरी प्रत्येक सामन्यावर अवलंबून असते. हरण्याची आखणी वरच्या मजल्यावर होते: चांगले खेळाडू विकायचे आणि उरलेल्यांना रोज रात्री मार खायला पाठवायचे.

असा मार रोज खाल्ल्याने काय होते? १९६७ साली सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काही केले तरी विजेचा झटका टळत नाही, असा अनुभव घेतलेले कुत्रे पुढे सुटका शक्य असतानाही गप्प पडून राहिले. या अवस्थेला ‘शिकलेली हतबलता’ म्हटले गेले. पण २०१६ साली त्याच दोघांनी, मेंदूविषयीच्या नव्या माहितीच्या आधारे, आपला सिद्धांत जवळजवळ उलटा केला. दीर्घ संकटात गप्प पडणे ही मेंदूची मुळातलीच प्रतिक्रिया आहे. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट: आपल्या प्रयत्नाने परिस्थिती बदलते, हा अनुभव. तो वारंवार आला की मेंदूचा पुढचा भाग त्या मूळ हतबलतेला आवर घालतो.

प्राण्यांवरचा प्रयोग जसाच्या तसा हॉकी संघाला लावणे योग्य नाही. मात्र पक्षाघाताच्या रुग्णांत याच्याशी मिळतेजुळते काही आम्ही वॉर्डात नेहमी पाहतो. लुळ्या हाताने पेला उचलायला जावे तर तो सांडतो, चांगल्या हाताने काम होते. काही दिवसांत रुग्ण लुळा हात वापरणेच सोडून देतो. पुढे नसांत थोडी ताकद परतली तरी हात पडूनच राहतो. म्हणून एका उपचारपद्धतीत चांगला हात बांधून ठेवतात आणि लुळ्या हाताकडून छोटी छोटी कामे करून घेतात. त्या हाताला छोट्या यशाची चव देणे, हाच उपचार असतो.

हॉकीपटूंवरही एक छोटा, पण बोलका अभ्यास झाला आहे. कॅनडातील संशोधकांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात अव्वल हॉकीपटूंना त्यांच्याच जुन्या सामन्यांचे चित्रीकरण दाखवले. स्वतःचा विजय पाहताना त्यांच्या लाळेतील टेस्टोस्टेरॉनची पातळी वाढली. पराभव पाहताना तसा ठळक बदल दिसला नाही. विजयाची आठवणसुद्धा शरीरात उतरते, ती अशी.

बफेलोचा रायन ओरायली २०१८च्या हंगामाअखेर उघडपणे म्हणाला, की हरणे संघाच्या अंगवळणी पडले आहे आणि या वर्षात अनेकदा त्याचे खेळावरचे प्रेमच आटले होते. बफेलोला त्यानंतर २०१८ आणि २०२१ अशा दोन वेळा पहिली निवड मिळाली. तरीही २०११ नंतर २०२५ पर्यंत सलग १४ हंगाम हा संघ बाद फेरीत पोहोचला नाही. लीगच्या इतिहासातला हा उच्चांक आहे.

मग दुसरा उपाय?

ओरायलीला २०१८च्या उन्हाळ्यात बफेलोने सेंट लुईसच्या संघाला दिले. ३ जानेवारी २०१९च्या सकाळी सेंट लुईस ३१ संघांत शेवटचा होता. अर्धा हंगाम हातचा गेलेला. नफ्यातोट्याचा हिशेब करणाऱ्याने तेव्हा हरत राहण्याचाच सल्ला दिला असता. संघ मात्र खेळत राहिला. नवे प्रशिक्षक आले होते, दुय्यम लीगमधून आलेल्या जॉर्डन बिनिंग्टनने गोल सांभाळला आणि १२ जूनला याच संघाने आपल्या इतिहासातला पहिला स्टॅनले कप जिंकला. बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला ओरायली. हाही एकच रुग्ण, हे मान्य. पण जानेवारीत उपचार थांबवले असते, तर तो बरा झाल्याचे कधी कळलेच नसते.

याचा अर्थ संघाची नव्याने बांधणी करूच नये, असा नाही. थकलेले खेळाडू सोडून त्यांच्या बदल्यात निवडीचे हक्क मिळवणे आणि तरुणांना खेळवताना काही पराभव पचवणे हे शस्त्रक्रियेनंतरच्या अशक्तपणासारखे आहे. तो अपेक्षित असतो आणि रुग्णाला दुसऱ्या दिवसापासून चालवून आपण तो घालवतो. पण अशक्तपणा हेच उद्दिष्ट ठरवून रुग्णाला झोपवून ठेवले, तर तो उठायचेच विसरतो. तरुण खेळाडूंच्या सोबतीला जाणते ज्येष्ठ ठेवावेत, रोजचा सामना जिंकण्यासाठीच खेळावा आणि एवढे करून तळाशी राहिलोच, तर मिळेल ती निवड घ्यावी.

नियम बदलूनही हा प्रश्न सुटू शकतो. ॲडम गोल्ड यांनी २०१२मध्ये एक साधी कल्पना मांडली: बाद फेरीची आशा संपल्यानंतर जो संघ सर्वाधिक गुण मिळवेल, त्याला पहिली निवड द्यावी. दुबळ्या संघाची आशा लवकर संपते, त्यामुळे गुण मिळवायला त्याला जास्त सामने मिळतात. म्हणजे मदत दुबळ्यालाच होते, पण जिंकून. २०२४ साली सुरू झालेल्या महिलांच्या व्यावसायिक हॉकी लीगने हीच पद्धत स्वीकारली. पहिल्या वर्षी तळाला राहिलेल्या न्यूयॉर्कने याच मार्गाने पहिली निवड मिळवली.

आता सोसणार कोण, हा प्रश्न उरला. मुद्दाम हरण्याचा निर्णय घेणारा व्यवस्थापक पाच वर्षांनंतरच्या चषकाकडे पाहत असतो. संघातल्या बहुतेक खेळाडूंना तेवढी वर्षे मिळतच नाहीत. त्यांच्यासाठी हाच हंगाम असतो, हेच गुडघे आणि हीच मान. औषध लिहून देणारा एक आणि ते गिळणारा दुसरा, असे जिथे असते तिथे डॉक्टरने दुप्पट विचार करायचा असतो. चारात एक शक्यता आणि हे दुष्परिणाम समोर ठेवले, तर मी हे औषध लिहून देणार नाही.