घरगुती चुंबकमापकासाठी संवेदक

होकायंत्राची सुई उत्तर दिशा दाखवून स्वस्थ उभी राहते, असे आपण बालपणापासून पाहत आलो आहो. वस्तुतः ती स्वस्थ नसते. तिची हालचाल आपल्या डोळ्यांना दिसत नाही, इतकेच. पुण्यात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लांहून थोडे अधिक आहे, आणि दिवसाच्या चढत्या-उतरत्या उन्हाबरोबर त्यात काही दशक नॅनोटेस्लांचा फरक रोज पडतो. सूर्यावर मोठा उद्रेक झाला म्हणजे हाच फरक शेकड्यांवर जातो. 10 व 11 मे 2024 रोजी असे वादळ झाले, त्या वेळी लडाखमधील हानले येथूनही आकाशात तांबूस प्रभा दिसली. ते वर्तमान वाचून माझ्याकडे येणाऱ्या काही मुलांनी घरीच चुंबकमापक करण्याचे मनात घेतले. त्यांचा पहिला प्रश्न असा की, संवेदक कोठून आणावा? माझे म्हणणे असे की, कोठून आणावा याच्या आधी काय मोजावयाचे आहे, हे ठरवावे.

बाजारात सर्वांत स्वस्त मिळते ती मोबाइलमधील होकायंत्राच्या जातीची चकती. तापकीर गल्लीतून आम्ही प्रथम तीच आणली. तिच्यावर ‘एचएमसी 5883’ असे नाव होते. परंतु हा संवेदक मूळ उत्पादकाने बनवणे थांबवले असून, त्या नावाखाली पुष्कळदा ‘क्यूएमसी 5883’ हा निराळाच संवेदक विकला जातो. परीक्षा सोपी आहे. जोडणी केल्यावर मूळ संवेदक ‘1ई’ या पत्त्यावर उत्तर देतो, दुसरा ‘0डी’ या पत्त्यावर. आमचा दुसऱ्या पत्त्यावर बोलला. पण तो अस्सल असता तरी काम भागले नसते; कारण त्याच्या वाचनाची एक पायरीच सुमारे 90 नॅनोटेस्लांची असते. ज्या तराजूचे लहानात लहान वजन शेराचे, त्यावर मासा कसा तोलावा?

याहून बरा मार्ग ‘आरएम 3100’ या संवेदकाचा. त्याची पायरी नेहमीच्या मांडणीत सुमारे 13 नॅनोटेस्लांची असते, आणि अनेक वाचनांची सरासरी घेतल्यास दैनंदिन चढउतार ओळखू येऊ शकतो. वादळ पाहण्यास तो पुरेसा आहे.

त्याहूनही सूक्ष्म मोजावयाचे असेल, तर फ्लक्सगेट हवा. त्याची रीत मोठी मनोरंजक आहे. निकेल व लोखंडाच्या मऊ चुंबकीय मिश्रधातूची पट्टी घेऊन तिच्याभोवतीच्या वेटोळ्यातून उलटसुलट प्रवाह सोडतात, आणि ती दोन्ही दिशांना पूर्ण संपृक्त होईपर्यंत चुंबकित करतात. बाहेर क्षेत्र नसेल तर दोन्ही पारडी समतोल असतात. बाहेरचे क्षेत्र म्हणजे एका पारड्यात पडलेला तांदळाचा दाणा. एका दिशेची संपृक्तता किंचित आधी येते, आणि दुसऱ्या वेटोळ्यात मूळ आवर्तनाच्या दुप्पट वारंवारतेचा संकेत उमटतो. त्याच्या प्रमाणावरून क्षेत्र कळते.

तयार फ्लक्सगेट बहुधा परदेशातून मागवावा लागतो. मूळ किमतीवर टपालखर्च, आयातशुल्क व जीएसटी धरूनच हिशेब करावा, आणि शक्य तर चारपाच जणांनी मिळून एकदाच मागवावा. हौशी लोकांत ‘एफजीएम-3’ जातीचा संवेदक परिचित आहे. तो 5 व्होल्टवर चालतो आणि क्षेत्राप्रमाणे त्याच्या स्पंदांचा आवर्तनकाल बदलतो, म्हणून साध्या सूक्ष्मनियंत्रकाने तो मोजता येतो. फेराइटच्या कड्यावर तांब्याची लाखी तार गुंडाळून घरीही फ्लक्सगेट करता येतो. तत्त्व शिकण्यास तो उत्तम. मात्र त्यात गोंगाट फार. मिश्रधातूची पट्टी आणून हाताने वाकवू नये. वाकवल्याने तिचा चुंबकीय मऊपणा जातो आणि तो परत आणण्यास भट्टीत तापवावे लागते.

आता जागेविषयी. आमच्या आलेखात रोज सकाळी नऊच्या सुमारास मोठी उडी दिसू लागली. मुले हरखली, शाळेच्या प्रदर्शनात ‘सूर्याचा प्रभाव’ म्हणून तो आलेख लावण्याचे ठरलेही. रविवारी मात्र उडी नाही! सूर्याला रविवारची सुट्टी कोण देतो? शोधता कळले की, शेजाऱ्यांची स्कूटर त्या वेळी कचेरीस निघत असे. आलेख मुलांनी स्वतः उतरवला, आणि त्या दिवशी ती जे शिकली ते कोणत्याही संवेदकाच्या किमतीहून मोलाचे होते.

ही अडचण थोरांनाही चुकली नाही. मुंबईत कुलाबा वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी होत. 1859 च्या सप्टेंबरातील प्रख्यात सौरवादळाची नोंद तेथे झाली. पुढे विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी दूषित होतील हे जाणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली हे काम अलिबागेस नेले. लोहविरहित दगडांची इमारत बांधली, आणि 1904 ते 1906 दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापन करून मगच जुने स्थान सोडले. नव्या उपकरणावर विश्वास ठेवण्यापूर्वी जुन्याशी त्याची तुलना करावी, हा धडा आपल्यासाठीही आहे.

तेव्हा संवेदक आणल्यावर तो पीव्हीसी नळीत बंद करून, पितळी स्क्रूंनी बसवून, रस्ता व वाहनांपासून दूर जमिनीत पुरावा, म्हणजे तापमानाचा चढउतारही कमी बाधेल. मग महिनाभर आपला आलेख अलिबागच्या नोंदींशी ताडून पाहावा. इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यातून त्या पाहावयास मिळतात. अलिबाग पुण्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे. तेथे वादळ झाले आणि आपल्याकडे शांत असेल, किंवा उलट, तर दोष आपल्या अंगणात शोधावा. दोन्ही रेषा एकत्र हलू लागल्या, म्हणजे खुशाल समजावे की, आपल्या अंगणातली नळी आता खरोखर सूर्याची वार्ता सांगू लागली आहे.