समुद्राकाठची पाच गावं

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, डोंगरउतारांना बिलगून पाच गावं उभी आहेत. त्यांना मिळून चिंक्वे तेर्रे म्हणतात. १९९७ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत इथे जाणं उत्तम. जुलै-ऑगस्टची गर्दी आणि उकाडा तेव्हा अजून दूर असतो. पोहायला मात्र पाणी गार लागतं.

खरी मजा पायी फिरण्यात आहे. मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा हा साधारण दोन तासांचा टप्पा चुकवू नये. चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांवर पायऱ्यापायऱ्यांनी द्राक्षमळे चढत जातात आणि खाली निळाशार समुद्र दिसत राहतो. पिढ्यानपिढ्यांच्या या कष्टांपुढे मान लवते. चढ दमवणारा आहे, म्हणून चांगली पकड असलेले बूट हवेतच. इथे साध्या चपलांवर दंड होऊ शकतो. दरडींमुळे वाटा बंदही होतात. रिओमाज्जोरे-मानारोला दरम्यानची ‘प्रेमाची वाट’ २०१२ मध्ये बंद झाली, ती २०२४ मध्ये पूर्ण खुली झाली.

मुक्काम जवळच्या ला स्पेत्सिया शहरात करावा. तिथून रेल्वे पाचही गावांना जाते.

इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा मात्र सक्तीचा.