शब्द नाही तिथे हात बोलतो

मनावर दुःख आले की आपण काय करतो? कोणी रडतो. कोणी शेजाऱ्यापाशी बोलतो. बोलले की ओझे हलके होते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून तर कोणाच्या घरी मयत झाली की आपण जाऊन बसतो, दोन शब्द बोलतो.

परंतु काही दुःखे ओठांवर येतच नाहीत. पुरात घर गेले. तान्हे पोर दगावले. कर्त्या माणसाने स्वतःच जीव दिला. अशा घरात माणसे शेजारी बसून जेवतात, पण बोलत नाहीत. सून सासूला काही सांगत नाही. सासू सुनेला काही विचारत नाही. दोघींचे दुःख एकच, पण मध्ये जणू भिंत उभी राहते. ही मुकी घरे प्रत्येक गावात असतात. तुमच्याही गावात असतील.

अशा वेळी एक साधा उपाय उपयोगी पडतो. तो म्हणजे हाताने काहीतरी घडवणे. चित्र काढावे, मातीचे काही करावे, चिंध्या जोडून त्यांत आकृती शिवावी.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, इथं पोटाची भ्रांत, आणि तुम्ही चित्रं काढायला सांगता होय?" तुमचे म्हणणे रास्त आहे. म्हणून आधी तीन खऱ्या हकिकती ऐका. मग ठरवा.

धुळीत बोलणारा मुलगा

पहिली हकिकत आपल्याच मुलखातली. आज ज्याला पालघर जिल्हा म्हणतात, तिथे वारली लोकांची वस्ती आहे. लग्नकार्यात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढायची त्यांची जुनी चाल आहे. हे काम सवाष्ण बायकांचे.

या समाजात १९३४ साली जिव्या सोमा माशे यांचा जन्म झाला. मूल सात वर्षांचे असताना आई गेली. त्या धक्क्याने मुलाची वाचा बसली. तो कोणाशी बोलेना. पण सांगायचे तर असायचेच. मग तो जमिनीवर धुळीत बोटाने चित्रे काढून सांगू लागला. आजूबाजूची माणसे ती चित्रे पाहून त्याचे मन ओळखू लागली.

पुढे वाचा परत आली, पण चित्र काही सुटले नाही. पुरुष असूनही ते चित्रे काढीत राहिले, आणि लग्नकार्याची वाट न पाहता रोज काढीत राहिले. त्यांची चित्रे देशोदेशी गेली. २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २०१८ साली ते वारले.

वारली चित्रांत तारपा नाच असतो, तो तुम्ही पाहिला असेल. मध्ये तारपा वाजवणारा, आणि भोवती माणसांची साखळी. एकाच्या कमरेला दुसऱ्याचा हात. त्यात एकटा असा कोणी नाही. ज्या मुलाची वाचा गेली होती, त्याला पुन्हा माणसांत आणले ते धुळीतल्या रेघांनी.

खाटेवरचा चित्रकार

दुसरी हकिकत इंग्लंडातली. एड्रियन हिल नावाचे एक चित्रकार होते. १९३८ साली त्यांना क्षय झाला आणि ते क्षयाच्या दवाखान्यात राहिले. त्या काळी क्षयावर आजच्यासारखी औषधे नव्हती. महिनोन्‌महिने पडून राहायचे, हाच मुख्य उपचार. अशा पडून राहण्याने शरीराला विश्रांती मिळते, पण मन कुरतडले जाते.

हिल यांनी खाटेवर बसल्या बसल्या समोर दिसेल ते काढायला सुरुवात केली. त्यांना बरे वाटू लागले. मग त्यांनी इतर रोग्यांनाही कागद-पेन्सिल दिली. पुढे महायुद्धात जखमी झालेले शिपाई तिथे आले. जे तोंडाने सांगवत नव्हते, ते शिपाई कागदावर काढू लागले. भीती बाहेर आली, मग हळूहळू शब्दही बाहेर आले.

चित्राने क्षय बरा झाला, असे कोणी समजू नये. क्षय औषधानेच जातो. पण रोग्याचे खचलेले मन सावरायला चित्राने मदत केली. हिल यांनी १९४२ च्या सुमारास या रीतीला एक नाव दिले. आपण तिला कलोपचार म्हणू. आज अनेक देशांत हे शिकलेले लोक रुग्णालयांत काम करतात.

गोणपाटावरची चित्रे

तिसरी हकिकत फार दूरची आहे, पण आपल्या आयाबहिणींना ती जवळची वाटेल.

दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा देश आहे. लांबट आणि अरुंद. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला आंदीज पर्वत. ११ सप्टेंबर १९७३ रोजी तिथे लष्कराने लोकांनी निवडलेले सरकार उलथून टाकले. जनरल पिनोचे यांचा अंमल सुरू झाला. जे विरोधात वाटले त्यांना रात्री-अपरात्री धरून नेले. तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली. त्यांतल्या हजाराहून अधिक जणांचे पुढे काय झाले, हे आजही कळलेले नाही.

माणूस मेला तर त्याचे क्रियाकर्म करता येते. पण नेलेला माणूस परत आला नाही, आणि मेला असेही कोणी सांगत नाही, तर घरच्या बाईने काय करावे? कुंकू पुसावे की वाट पाहावी, असा हा पेच. चिलीतल्या बायका तुरुंगांत गेल्या, दवाखान्यांत गेल्या, प्रेते ठेवतात तिथेही गेल्या. सगळीकडे एकच उत्तर: "आम्हांला माहीत नाही." उघड बोलायची सोय नव्हती. बोलले तर घरातला आणखी एखादा जाईल, ही भीती.

सांतियागो ही त्या देशाची राजधानी. तिथे १९७४ पासून चर्चच्या आश्रयाने या बायका एकत्र बसू लागल्या. हातात काय, तर गोणपाटाचा तुकडा, सुई, दोरा आणि चिंध्या. त्या चिंध्यांतून त्या चित्रे शिवू लागल्या. वर निळे आकाश, मागे आंदीजचे डोंगर, खाली छोटी घरे. घरापुढे चिंधीच्या बाहुल्या, म्हणजे माणसे. कोणी तुरुंगाचे दार शिवले. कोणी जेवणाच्या मेजाशी एक रिकामी खुर्ची शिवली. कोणी वस्तीतली सामायिक चूल शिवली, कारण कर्ता पुरुष गेल्यावर उपासमार आली होती आणि बायका मिळून एका भांड्यात रांधत होत्या. कित्येकींनी नाहीशा झालेल्या माणसाच्या सदऱ्याचा तुकडा त्यात जोडला. कोणाच्या चित्रावर एकच प्रश्न होता: "कुठे आहेत ते?"

स्पॅनिश भाषेत गोणपाटाला आर्पियेरा म्हणतात. या चित्रांनाही तेच नाव पडले.

या शिवणाने तीन गोष्टी झाल्या. पहिली, ज्या बाया घरात एकट्या रडत होत्या, त्या एका ओळीत बसू लागल्या. शेजारणीच्या हातातला तुकडा पाहिला की कळे, हिचेही माझ्यासारखेच आहे. दुसरी, ही चित्रे परदेशात विकली जाऊ लागली आणि चार पैसे घरात आले. तिसरी, जे वर्तमानपत्रांना छापता येत नव्हते, ते चिंध्यांनी जगाला सांगितले. सरकारला हे रुचले नाही. ही चित्रे देशविरोधी आहेत असे ते म्हणू लागले. मग बायका ती गुपचूप देशाबाहेर पाठवू लागल्या.

१९९० साली लष्करी अंमल संपला. २०१० साली सांतियागोत त्या काळाच्या आठवणींचे एक संग्रहालय उघडले. त्यात ही गोणपाटे जपून ठेवली आहेत.

त्या बायकांची माणसे परत आली का? बहुतेकींची नाही आली. दुःख गेले का? तेही गेले नाही. पण त्या दुःखाखाली त्या एकट्या चिरडल्या गेल्या नाहीत. उपाय म्हणतो तो एवढाच, आणि एवढा पुष्कळ आहे.

असे का होते?

मनातल्या दुःखाला आकार नसतो. अंधारात दोरी पडली असली तर ती साप वाटते, तसे ते वाढत जाते. तेच कागदावर किंवा कापडावर उतरले की बाहेर येते. आता ते समोर आहे, मी त्याच्याकडे पाहतो आहे. पाहून झाले की घडी घालून बाजूला ठेवता येते. मनातल्या दुःखाची अशी घडी घालता येत नाही.

हात चालू लागले की चित्तही थाऱ्यावर येते. टाक्यामागे टाका, रेघेमागे रेघ. जात्यावर दळताना बायकांच्या मनातले ओवीतून बाहेर येई. तिथेही हात आधी चालत, आणि मग मन मोकळे होई.

शिवाय चित्र दुसऱ्याला दिसते. "अगं, हे काय काढलंस?" असे कोणी विचारते. तिथे बोलणे सुरू होते. जी गोष्ट सरळ सांगता येत नव्हती, ती चित्राकडे बोट दाखवून सांगता येते.

आपण काय करावे?

रंगाचे दुकान लागत नाही. कोळसा, गेरू, चुना, खडू, पोराची पाटी, चिंध्या, एवढे पुरे. गोधडी तर आपल्या घरोघरी होते. आईचे जुने लुगडे, वडिलांचे धोतर त्यात जोडतात. माणूस गेला तरी त्याची ऊब अंगावर राहते. त्याच गोधडीत एखादे घर, एखादी विहीर, गेलेला बैल शिवून पाहा.

चार गोष्टी मात्र ध्यानात ठेवा.

चांगले-वाईट म्हणू नका. ही शाळेची परीक्षा नव्हे. बैल बकरीसारखा दिसला तरी चालेल.

बळजबरी करू नका. कागद समोर ठेवा, आणि आपणही शेजारी बसून काहीतरी काढा. आज नाही तर उद्या त्याचा हात पुढे येईल.

खोदून विचारू नका. सांगेल तेवढे ऐका. चित्र कोणाला दाखवायचे नसेल तर दाखवू नका.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोणी दिवसचे दिवस झोपत नाही, जेवत नाही, किंवा जीव देण्याची भाषा करतो, तर नुसत्या चित्रावर विसंबू नका. त्याला एकटे सोडू नका. सरकारी दवाखान्यात न्या. सरकारची टेलि-मानस नावाची फोनसेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. रात्रंदिवस चालू असते, पैसे पडत नाहीत. डॉक्टर आणि कला यांचे वैर नाही. दोन्ही हाताशी असावीत.

तुम्ही आता वाचायला शिकलात. अक्षर म्हणजे तरी काय? मनातले दुसऱ्यापर्यंत पोचवणारी रेघच ना? ज्याला अक्षर येते त्याने पत्र लिहावे. ज्याला अक्षरातही सांगवत नाही त्याने चित्र काढावे. आणि आपल्या आळीत एखादे मुके घर असेल, तर दुपारचे काम आटोपल्यावर चिंध्यांचे गाठोडे घेऊन तिथे जावे. "गोधडी शिवायची आहे, जरा हात लावा," एवढेच म्हणावे. बाकीचे सुई-दोरा पाहून घेईल.